पेणचा डोळा

आमच्या मॅडमच्या घरात शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत आणि राखाडी अ‍ॅप्रन चढवावा लागे. चपलांचं कुणालाही समजतं. अ‍ॅप्रनचं कारण विचारणारा माणूस मात्र रोह्यात नवा आहे हे लगेच ओळखू येई. ओटीवरच्या खुंट्यांना असे अ‍ॅप्रन कायम टांगलेले असत, सगळे त्यांच्या जुन्या कंपनीतले, खिशावरचं नाव उसवून काढलेले. गॅसवाला आला की अ‍ॅप्रन, मीटर बघणारा आला की अ‍ॅप्रन. गणपतीत शेजारच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून दर्शनाला यायच्या आणि आरतीला उभ्या राहायच्या तेव्हा सगळी मंडळी प्रयोगशाळेतून थेट आल्यासारखी दिसायची. गणपती तेवढा पिवळ्या पितांबरात सुटायचा, तोही हॉलमध्ये नाही, स्वयंपाकघरात बसवलेला असायचा म्हणून.

कारण साधं होतं. हॉलमध्ये मॅडम फोटोंच्या प्रिंट काढत. ‘लाल साडी आत आली की भिंतीवर लाल पडतं, भिंतीवरून कागदावर पडतं, आणि मग प्रिंट खोटं बोलायला लागते,’ असं त्या सांगत. त्यामुळे हॉलच्या चारही भिंती राखाडी होत्या. रंग देणारा पेंटर हा अस्तराचा हात समजून वरच्या रंगाची वाट बघत दोनदा चकरा मारून गेला होता. मॉनिटरला काळ्या पुठ्ठ्याची टोपी होती. खिडकी उत्तरेची, तिला पडदा नाही. टीव्ही होता, पण त्याच्यावर उशीचा अभ्रा घातलेला असे.

मी त्यांचा भाडेकरू, वरच्या खोलीत राहणारा. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचो. मॅडमची सगळी नोकरी धाटावलाच, रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये गेली होती. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवी आणि मॅडम त्या तुकड्याला रंग जुळवून देत. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची सोय नव्हती. खोली बघायला गेलो तेव्हा मी शाकाहारी आहे का, रात्री कधी येतो, असलं काही त्यांनी विचारलं नाही. एक पुठ्ठा पुढे धरला आणि म्हणाल्या, ‘हा पांढरा आहे की पिवळट?’ मी म्हटलं, पांढरा. ‘पिवळट आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण भाड्याने राहायला चालेल.’

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक चांगला कॅमेरा घेतला आणि एक लांबरुंद प्रिंटर, आणि त्या दिवसापासून त्या घरातली माणसं दुय्यम झाली. तसं माणूस एकच होतं म्हणा. रोह्याच्या पावसात कागद दमट होतो, कडा वळतात. म्हणून जाड सुती कागद धान्याच्या पत्र्याच्या कोठीत ठेवलेला असे आणि त्याच्याबरोबर भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या, ओल शोषायला. खायचे तांदूळ मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, दाराच्या खिळ्याला. मॅडमच्या हातची प्रिंट नाकाशी नेली तर ताज्या भाजलेल्या तांदळाचा वास येई. अर्थात नाकाशी न्यायची परवानगी नव्हती.

प्रिंटर रोज थोडातरी चालला नाही तर त्याची शाई वाळून भोकं बुजतात. त्यामुळे मॅडम कुठे गेल्या तर गाय सोडून गेल्यासारख्या जीव टांगून असायच्या. पेणला त्यांची धाकटी बहीण होती. तिच्याकडे दोन दिवस गेल्या की रोज फोन यायचा, ‘चारा घातलास का?’ चारा म्हणजे सगळ्या रंगांच्या पट्ट्यांचं एक पान. एकदा मी तेच ते पान काढून कंटाळलो आणि माझ्या मोटरसायकलचा फोटो छापला. परत आल्यावर त्यांनी तो बघितला. ‘लाल कच्चा राहिलाय,’ म्हणाल्या, ‘आणि सावलीत मीठ नाही.’ रंगांबद्दल त्या असंच बोलत. हिरवा करपलेला असे, आभाळ उतू गेलेलं असे. स्वयंपाक मात्र त्यांचा अगदीच बेताचा होता.

त्यांचं दुसरं एक वाक्य सगळ्या आळीला पाठ होतं. कागदावरची शाई सुकताना रंग बदलतो, जरा खाली बसतो. म्हणून मॅडम ओल्या प्रिंटबद्दल कधी मत देत नसत. दोरीला चिमट्यांनी लावायची, दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या खिडकीत धरायची, मगच बोलायचं. ‘सुकू दे, मग बघू.’ पुढे पुढे हे त्या सगळ्यालाच म्हणू लागल्या. भाचीला स्थळ आलं, सुकू दे. शेजारच्या काकू सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या, सुकू दे. काकू दुसऱ्या दिवशी परत येत तेव्हा त्यांचं गाऱ्हाणं खरंच निम्मं झालेलं असे, आणि त्या मॅडमनाच श्रेय देत.

आणि हात लावायचा नाही. हा त्या घराचा मुख्य कायदा होता. बोटाला तेल असतं, घाम असतो, कागद ते विसरत नाही. त्या स्वतः पांढरे सुती हातमोजे घालून प्रिंट उचलत. टेबलावर एक लाकडी फूटपट्टी असे, ती मापायला कमी आणि फटके मारायला जास्त. माझे वडील गावाहून आले होते. शेतावरच्या पावट्याच्या वेलाचा एक फोटो त्यांना इतका आवडला की त्यांनी एका शेंगेवर बोट ठेवायला हात पुढे केला. फट्. वडिलांना मारणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. वडील हात चोळत वर आले आणि म्हणाले, ‘बाई चांगली आहे. इथंच राहा.’

मॅडम प्रिंट विकत नसत, वाटत. त्यामुळे रोह्यात कुठेही जा, केस कापायला, दात दाखवायला, पिठाच्या गिरणीत, भिंतीवर मॅडमचा एखादा फोटो असायचाच. पेणकडची मिठागरं, कुंडलिकेचं पाणी, वाळत घातलेली जाळी, भाताचं रोप लावलेले वाफे. फोटो देताना काचेत कसा बसवायचा, कुठल्या भिंतीला लावायचा, हेही त्या येऊन सांगत. दातांच्या डॉक्टरला त्यांनी एकदा खुर्ची फिरवायला लावली होती.

पुढे एका पावसाळ्यानंतर त्या फोटोंचं काहीतरी बिघडायला लागलं. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते पोपटीच्या फोटोमुळे. हिवाळ्यात शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात, त्या रात्रीच्या जाळाचा फोटो होता. फोटो सुंदर होता, माणसांचे चेहरे बघण्यासारखे होते, पण जाळ गॅसच्या शेगडीसारखा निळसर दिसत होता. मग मिठागरं निळी झाली. भाताचे वाफे निळसर झाले. शेजारच्या काकूंच्या मुलीच्या केळवणाचा फोटो आला त्यात सगळं कुटुंब हिमालयात जेवायला बसल्यासारखं दिसत होतं. पण मुलगी गोरी दिसत होती, त्यामुळे काकूंनी तो फोटो स्थळवाल्यांना आधी का दाखवता आला नाही म्हणून हळहळच व्यक्त केली.

मॅडमकडे रंग मोजायचं एक यंत्र होतं. मॉनिटरवर माकडासारखं चिकटून बसायचं आणि रंग बरोबर आहे की नाही ते सांगायचं. ते बिचारं सारखं सांगत होतं की निळा जास्त होतोय. मॅडमनी त्याला तांदळाच्या कोठीत ठेवलं. ‘दमटपणा बाधलाय त्याला,’ म्हणाल्या.

कुणी त्यांना सांगितलं नाही. न्हाव्याने नाही, दातांच्या डॉक्टरने नाही, मी तर नाहीच. घाबरत होतो असं नाही. त्या बाईजवळ दागिना म्हणावा असा एकच होता, तो म्हणजे नजर, आणि तो खोटा निघालाय हे कुणी कुणाच्या घरी जाऊन सांगायचं? मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतंय हे त्यांना दिसेल म्हणून मी खाली मान घालून अ‍ॅप्रनची बटणं लावत बसायचो.

अशात रूबेनकाका आले.

रूबेनकाका पुलापलीकडे अष्टमीला राहायचे. त्यांच्या लहानपणी तिथे यहुदी लोकांची बरीच घरं होती, एकेक करत सगळी इस्रायलला गेली. काकांची लेकही गेली होती. बायको वारल्यावर ती सारखी बोलवत होती आणि काका सारखं ‘बघू’ म्हणत होते. शेवटी त्यांनी घर विकलं. दिवाळीनंतर ते जाणार होते आणि मग घर पडणार होतं. हे सगळं त्यांनी ओटीवर अ‍ॅप्रन घालता घालताच सांगितलं. मॅडम आणि ते जुने ओळखीचे. मॅडमना ‘बाय’ म्हणणारे आणि ‘गो’ लावणारे सगळ्या रोह्यात तेवढेच.

‘एक काम हाय गो बाय,’ काका म्हणाले. ‘माझ्या दाराची चौकट काढून दे.’

‘सुताराला सांगा,’ मॅडम म्हणाल्या.

‘सुताराकडून कापून घेतली आसती. पन इमानात ती बसवू कुठं? फोटो दे. व्हती तेवढी मोठी.’

यहुदी घराच्या उजव्या चौकटीला एक छोटी तिरकी डबी ठोकलेली असते. तिच्यात प्रार्थनेचं चर्मपत्र असतं, तिला मेझुझा म्हणतात. जाता-येता तिला बोटं लावायची आणि बोटं ओठाला लावायची. काकांच्या आजोबांनी लावली, वडिलांनी लावली, बायकोने लावली. त्या सगळ्या हातांनी डबीखालचा हिरवा रंग घासून घासून गेला होता आणि आतलं लाकूड गुळगुळीत, उघडं पडलं होतं. ‘डबी मी काढून नेनार,’ काका म्हणाले. ‘ती नेता येते. ते हात कसे नेऊ?’

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा केला. त्या घरात चहा मिळणं ही मोठी गोष्ट होती, कारण हॉलमध्ये वाफ चालत नसे.

मग कामाला सुरुवात झाली. ढगाळ दिवस बघून मॅडम कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेऊन अष्टमीला गेल्या, मी ओझं उचलायला. वरपासून खालपर्यंत तुकड्या-तुकड्याने चौकटीचे फोटो घेतले आणि कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडले. टेप लावून लाकूड मोजलं, म्हणजे कागदावर चौकट नेमकी तेवढीच यावी. एका बाजूने पांढरी चादर धरून प्रकाश असा सोडला की लाकडातली प्रत्येक चीर उठून दिसावी. घासलेला भाग त्यांनी वेगळा हाताळला, तिथे रंगाची कड जरा उजळ केली, आणि पडद्यावर बघताना खरोखर बोट पुढे करावंसं वाटायला लागलं. मी केलं नाही. फूटपट्टी जवळच होती.

मग चाचणीच्या पट्ट्या काढल्या, सुकवल्या, आणि आम्ही पुन्हा पूल ओलांडला. मॅडमनी एकेक पट्टी दारावर धरली. दार हिरवं होतं, आपल्याकडच्या जुन्या दारांचं असतं तसं गडद, पोपटीकडे न झुकणारं हिरवं. मॅडमच्या हातातली पट्टी मोराच्या मानेसारखी होती.

‘दार पिवळं पडलंय,’ मॅडम म्हणाल्या. ‘तेलाचा रंग असा पडतोच. मूळ रंग हा.’

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, आणि माझ्या मानेवरचं ओझं उतरेल. काकांनी पट्टीला लावायला बोट पुढे केलं, आठवण येऊन मागे घेतलं, आणि लांबूनच बघत राहिले. ‘व्हय गो,’ ते म्हणाले. ‘माझ्या बापानं लावला तवा असाच व्हता. मला चांगला आठवतो.’

मोठ्या मनाचा माणूस आहे, असं मला वाटलं. जन्माचं दार निळं करून घेऊन निघालाय, पण बाईचं मन मोडत नाही. परत येताना पुलावर मॅडम खुशीत होत्या. मोठी प्रिंट काढायला लागणारा गुंडाळीचा कागद यायचा होता, म्हणून काम दसऱ्यावर गेलं.

खंडेनवमीला त्या घरात शस्त्रांची पूजा असे. प्रिंटरला झेंडूची माळ, कॅमेऱ्याला लांबूनच हळदकुंकू, फूटपट्टीला एक फूल. पूजा झाली की परीक्षा. कंपनीत रंग जुळवणाऱ्यांचे डोळे तपासायला एक लाकडी डबा असायचा, त्यात रंगीत चकत्या. त्या सगळ्या मिसळायच्या आणि एका रंगाकडून दुसऱ्या रंगाकडे हळूहळू जाणारी ओळ लावायची. बरोबर उत्तर चकत्यांच्या पाठीवर, आकड्यांत. निवृत्त होताना मॅडमनी कंपनीकडून शाल आणि नारळ नको, तो डबा द्या असं सांगितलं होतं. दर खंडेनवमीला त्या स्वतःची परीक्षा घेत आणि मलाही बसवत. माझी ओळ निळ्या-हिरव्यात पोचली की वाटेत चुकलेल्या एसटीसारखी भलतीकडे जाई आणि मॅडम वर्षभर पुरेल इतक्या हसत.

त्या वर्षी आम्ही ओळी लावल्या आणि चकत्या उलट्या केल्या. माझ्या नेहमीसारख्याच काही चुका होत्या. मॅडमच्या ओळीत निळ्यापासून हिरव्यापर्यंत एकही आकडा जागेवर नव्हता.

त्यांनी चकत्या सुलट्या केल्या, बघितल्या, पुन्हा उलट्या केल्या.

‘उजेड कमी असेल,’ मी म्हटलं.

‘उत्तरेची खिडकी आहे, सकाळ आहे. उजेडाला बोल लावू नकोस.’ मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘रूबेनभाऊंची पट्टी तुला कशी दिसते?’

‘निळी.’

‘आणि दार?’

‘हिरवं.’

‘पोपटीचा जाळ?’

‘गॅससारखा.’

‘किती दिवस झाले याला?’

‘मागच्या हिवाळ्यापासून. त्याच्याही आधीपासून असेल.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तुम्हीच म्हणता ना, सुकू दे म्हणून.’

‘इतके दिवस वाळत घातलं होतंस?’ त्या म्हणाल्या, आणि हसल्या. हसता हसता त्यांनी चकत्या एकेक करून डब्यात भरल्या. एरवी त्या चकत्यांना मोज्यांशिवाय हात लावत नसत, त्या दिवशी मोजे घालायचं त्यांना सुचलं नाही. मला तिथून उठून वर जावंसं वाटत होतं आणि जाववत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता, तो त्यांनी पाळला. त्याच्या पुढच्या दिवशी नागोठण्यावरून जाणाऱ्या एसटीने त्या पेणला बहिणीकडे गेल्या. मला सांगितलं फक्त एवढंच, चारा घाल. पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, चांगला पिकलाय, आणि त्याच्यातून बघणाऱ्याला सगळं पिवळट दिसतं. पिवळट दिसतं म्हणून हा माणूस निळा घालत जातो. एका डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं. दुसऱ्याचं थोड्या दिवसांनी करायचं ठरलं.

बहीण त्यांना सोडायला आली तेव्हा काळा चष्मा कपाळावर सरकवून त्या ओटीवर उभ्या राहिल्या आणि अ‍ॅप्रनकडे बघत म्हणाल्या, ‘हे राखाडी आहेत. मी यांना धुवायला झालेत म्हणत होते.’ मग आत गेल्या आणि भिंतीवरच्या आपल्या प्रिंटसमोरून हळूहळू फिरल्या. केळवणाच्या फोटोची एक प्रत होती, तिच्यासमोर थांबल्या. ‘काकूंनी हा घेतला कसा?’ ‘मुलगी गोरी दिसते,’ मी म्हटलं. ‘सगळ्यांचे ओठ जांभळे आहेत रे,’ मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांना दोन वेगवेगळे डोळे होते. ऑपरेशन झालेला तो पेणचा डोळा, राहिलेला तो रोह्याचा. प्रत्येक गोष्ट त्या दोन्हींनी बघायच्या, एक मिटून, मग दुसरा मिटून. माझा शर्ट रोह्याच्या डोळ्याने बरा होता, पेणच्या डोळ्याने टाकण्यासारखा. बाजारात कोळणीसमोर उभ्या राहून त्यांनी बांगड्याकडे असं आळीपाळीने बघितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगो बाय, डोला कना मारतंस? मासा ताजा हाय.’ रंग मोजायच्या यंत्राला तांदळातून बाहेर काढलं, पुसलं, आणि त्याच्यापुढे झेंडूचं एक फूल ठेवलं. त्यांच्या माफी मागायच्या पद्धतीत हे बरंच मोठं होतं.

मग आम्ही पुन्हा अष्टमीला गेलो. दारासमोर त्यांनी रोह्याचा डोळा मिटला.

‘दार पिवळं पडलेलं नाही, रूबेनभाऊ,’ त्या म्हणाल्या. ‘जसं होतं तसं आहे. पिवळी मी पडले होते.’

‘काय बोलतेस गो?’ काकांना काही समजलं नाही.

घरी येऊन त्यांनी रंग पहिल्यापासून लावला. यंत्र आणि पेणचा डोळा या वेळी एकमेकांशी भांडले नाहीत. पट्टी सुकली, आम्ही ती काकांकडे नेली. मी ती दारावर धरली तेव्हा पट्टी कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं हे कळेना. मला इतका आनंद झाला की मी काकांकडे वळलो.

काका खट्टू झाले होते. ‘बरी हाय,’ ते म्हणाले. ‘पन मळकट दिसते. पयली बरी व्हती गो बाय. ती माझ्या बापाच्या येळच्या रंगाची व्हती.’

मॅडम वाद घालणार हे मला दिसत होतं. रंगाच्या बाबतीत त्यांनी दुसऱ्याचं ऐकलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, पेणचा डोळा मिटला. रोह्याच्या डोळ्याने त्या पट्टीकडे बघत राहिल्या, मग दाराकडे, मग काकांच्या डोळ्यांकडे.

‘रूबेनभाऊ, डोळे कधी दाखवलेत?’

‘दाखवायचे कशाला? दिसतंय की. लेक म्हनते तिकडं आल्यावर बघू.’

म्हणजे काका मन मोडू नये म्हणून बोलले नव्हते. त्यांनाही मोतीबिंदूच होता. इतकी वर्षं मळत गेलेल्या दाराच्या जागी त्या निळ्या पट्टीत त्यांना त्यांच्या लहानपणचं दार दिसलं होतं. मोठ्या मनाचा माणूस म्हणून मी त्यांचं कौतुक उगीचच वाया घालवलं होतं.

परत येताना पुलावर मी म्हटलं, ‘खरा रंग आहे तोच द्या. त्यांना काय कळतंय.’

‘खरा कुणाला?’ मॅडम म्हणाल्या. ‘तिथे भिंतीसमोर मी उभी राहणार आहे का तू?’ जन्मभर त्यांनी प्रत्येक कापडाला एकच बरोबर रंग असतो असं मानलं होतं आणि त्या विश्वासावर भल्याभल्यांना फटके मारले होते. ‘म्हातारा माणूस आहे,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘ऑपरेशन कधी होईल, होईल की नाही, कुणी सांगावं. तोवर त्यांनी मळकं दार का बघायचं?’

पेणहून बहिणीचा फोन आला, दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवायला. मॅडमनी सांगितलं, इतक्यात नाही, हा डोळा मला लागणार आहे. बहिणीने मला फोन करून विचारलं की ताईचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी म्हटलं, आहे, फक्त डोळे दोन गावचे आहेत.

मोठ्या प्रिंटच्या दिवशी नेहमीप्रमाणे त्यांनी आधी विजेच्या कचेरीत फोन लावला. मधेच लाईट गेली तर प्रिंटच्या मधोमध रेघ येते. ‘आज दुपारपर्यंत लाईट घालवू नका, चौकट छापायची आहे,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. तिकडच्या माणसाने काय समजून घेतलं देव जाणे, पण लाईट गेली नाही. पहिली लांब प्रिंट त्यांनी पेणच्या डोळ्यावर रुमाल बांधून काढली, रोह्याच्या डोळ्याने, निळी. दुसरी रुमाल इकडचा तिकडे बांधून, हिरवी. दोन्ही चौकटी दोरीवर शेजारी शेजारी सुकत होत्या आणि त्यांच्यामधून राखाडी अ‍ॅप्रनमधली, एक डोळा बांधलेली बाई ये-जा करत होती. मी फोटो काढायला हवा होता. पण मोबाईलवर काढलेला फोटो त्या घरात फोटो समजला जात नसे.

काका निघायच्या आदल्या दिवशी आले. मॅडमनी दोन्ही प्रिंट एकीत एक गुंडाळून प्लास्टिकच्या पाइपात घातल्या होत्या. ‘बाहेरची आहे ती गेल्या गेल्या लावा,’ त्यांनी सांगितलं. ‘तुम्हाला आवडलेली. तिकडे डोळ्यांचं ऑपरेशन होईल. झालं की दारं-खिडक्या सगळंच वेगळं दिसायला लागेल, घाबरू नका. तेव्हा ती काढा आणि आतली लावा. आणि हात लावायचा नाही.’

‘नाय लावनार,’ काका म्हणाले. पाइप त्यांनी लहान मूल घ्यावं तसा कुशीत घेतला. ओटीवर अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावताना त्यांना बाही सापडेना. मॅडमनी ती सोडवून दिली. मी कुठेतरी दुसरीकडे बघत होतो.

काका गेले, घर पडलं. मॅडमनी रोह्याचा डोळाही पेणला नेऊन दिला. त्यानंतर त्या गावातल्या घराघरात जाऊन निळ्या प्रिंट गोळा करू लागल्या, नवीन देते म्हणून. न्हाव्याने दिली, डॉक्टरने दिली. काकूंनी केळवणाचा फोटो द्यायला साफ नकार दिला.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी काकांचा व्हिडिओ कॉल आला. मी तेव्हा हॉलमध्ये होतो, अ‍ॅप्रनमध्ये. त्यांनी मोबाईल भिंतीकडे फिरवला. ‘मोबाईलवर रंग दिसत नाही,’ मॅडम लगेच म्हणाल्या. ‘मला दाखवू नका, सांगा.’

‘दोनी डोळ्यांचं झालं गो. मग आतली काढून लावली.’

‘आणि?’

काकांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं. ‘दार हाय गो बाय,’ ते म्हणाले. ‘माझंच दार हाय.’

मॅडम खुर्चीवर बसल्या. मग काका चाचरत म्हणाले, ‘पन एक चूक झाली. रागावू नको. लेकीच्या दाराला तिची डबी हाय, पन भायेर जाताना माझा हात या कागदावरच जातो. ध्यानात येतं तवर लागलेला आसतो. डाग पडलाय.’

मी टेबलावरच्या फूटपट्टीकडे बघितलं.

‘कुठे पडलाय?’ मॅडमनी विचारलं.

‘लाकडावर व्हता तिथंच.’

‘हात धुतलेला असतो ना?’

‘व्हय.’

‘मग लावत जा,’ मॅडम म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी फूटपट्टी उचलली आणि खणात ठेवून दिली.